धोटा क्लबच्या मावशी

मावशींच्या शेजारून कुठलीही वस्तू उडत गेली, की ती पलीकडे पोचायची नाही. चेंडू असो, फ्रिस्बी असो, नातवाने भिरकावलेला बूट असो. आमची पहिली गाठ पडली तीच मुळी कोथिंबिरीच्या जुडीमुळे. न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळच्या देशी दुकानात शनिवारी दुपारी कशी झुंबड उडते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माझा नवरा समीर ट्रॉली घेऊन भेंडीपाशी अडकलेला आणि मी कोथिंबिरीपाशी. गर्दीतून वाट काढायचा कंटाळा आला म्हणून मी "समीर, कॅच!" म्हणून जुडी फेकली. जुडी त्याच्यापर्यंत गेलीच नाही. मध्ये वांगी निवडत उभ्या असलेल्या एका उंच, गोऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाईंचा डावा हात आडवा गेला, उजवा पाय कमरेपर्यंत वर आला आणि जुडी धप्पकन खाली पडली. बाईंची दुसऱ्या हातातली वांग्यांची पिशवी हललीसुद्धा नव्हती. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "हात चांगला आहे. पण कुठे फेकणार ते तुझे डोळे आधीच सांगतात."

मी तिथल्या तिथे विचारलं, "तुम्ही गोलकीपर होता का?"

"होते नाही, आहे," त्या म्हणाल्या. "हॅण्डबॉल. रोमानिया."

आता मी इचलकरंजीची. कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीच्या हॅण्डबॉल टीममध्ये होते, पण हे मी अमेरिकेत कुणाला सांगायच्या भानगडीत पडत नाही. इथे हॅण्डबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भिंतीवर चेंडू मारणारी माणसं येतात. मग तुम्ही समजावत बसा, की बाबांनो, सात जणी असतात, दोन गोल असतात, बास्केटबॉलचा आणि फुटबॉलचा संसार असतो. एवढ्यात समोरच्याला दुसरा फोन आलेला असतो. तर वांग्यांच्या ढिगापाशी ती बाई भेटल्यावर माझं काय झालं असेल! समीर रांगेत उभा राहिला, बिल देऊन बाहेर गेला, गाडीत जाऊन बसला, आणि आम्ही दोघी तिथेच. ही एवढी वांगी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे ती भाजून, सोलून, कांदा घालून ठेचतात. म्हटलं, अहो, हे तर आमचं भरीत! "तुमचं?" त्यांनी भुवया उंचावल्या. भरीत कुणाचं, हा वाद पुढे आमच्यात कायम चालला आणि त्यांनी अजूनही हार मानलेली नाही.

त्यांचं नाव दोइना. मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये. नातवंडं सांभाळायला म्हणून आल्या. नातवंडं मोठी होऊन स्वतःच्या खोल्यांची दारं लावून घ्यायला लागली आणि आजी मोकळ्या झाल्या. 'मावशी' त्यांना शुभांगीने केलं. शुभांगी ही आमच्यातली जळगावची, जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. "मावशी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. आईची बहीण, असं सांगितल्यावर त्यांनी जरा विचार केला. "तुझ्या आईला मी कधी पाहिलेलं नाही आणि मी तिची बहीण? असू दे. मग मी तुला दुप्पट पळायला लावणार, कारण उद्या तुझी आई मला विचारेल." शब्दाच्या पक्क्या होत्या हो. लावलं.

टीम जमवली ती मी. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला: हॅण्डबॉल कोण खेळणार? उत्तरं आली ती अशी: "ते भिंतीवरचं का?", "वजन कमी होतं का?", "पार्किंग आहे ना?" एका काकूंनी तर तिळगुळाचा फोटो टाकला, का ते देव जाणे. तरी हळूहळू आल्या. शुभांगी कबड्डीवाली, तीही साधीसुधी नव्हे, कॉलेजात असताना तिने चढाईला आलेल्या पोरींना रडवलेलं. केतकी नागपूरची, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी, लांब हातांची, म्हणून मावशींनी तिला बघताक्षणी गोलात उभी केली. बाकीच्या खो-खो, थ्रोबॉल आणि डॉक्टरने चालायला सांगितलंय या वर्गातल्या. शनिवारी सकाळी टाउनच्या रिक्रिएशन सेंटरची जिम मिळायची. बास्केटबॉलच्या रेघांवर मावशी गुडघे टेकून रंगीत टेप लावायच्या आणि उठताना कुणी हात पुढे केला तर तो बाजूला सारायच्या.

मावशींचा वॉर्म-अप म्हणजे त्यांच्या क्लबचा इतिहास. अक्षरशः. क्लब होता एका नदीकाठच्या गावातल्या कापडगिरणीचा, नाव सुवेइका. सुवेइका म्हणजे मागावरचा धोटा. हे ऐकून मी उडालेच. अहो, इचलकरंजीत माझं बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलंय, आमच्या घराच्या मागच्या भिंतीला कान लावला तर धोटे मोजता यायचे. तर सुरुवातीला म्हणे विणकाम खात्यातल्या बायका गिरणीच्या आवारात खडीच्या मैदानावर अकरा-अकरा जणींचा खेळ खेळायच्या. मैदान मोठं, म्हणून आम्ही जिमच्या कडेकडेने पळायचं. मग बायकांनी मॅनेजरच्या मागे लागून हॉल बांधून घेतला आणि विटा स्वतः वाहिल्या. म्हणून तो जड मेडिसिन बॉल आम्ही एकीने दुसरीच्या हातात देत राहायचं. मग ते वाईट हिवाळे, हॉलला हीटिंग नाही, निम्मे दिवे बंद, लोकरी टोप्या घालून सराव. म्हणून जागच्या जागी उड्या. मग क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये चढला, की आम्ही बाकांच्या पायऱ्या चढायच्या. आणि मग ज्या वर्षी सुवेइकाने देशाचं विजेतेपद जिंकलं, ते वर्ष आलं की दोन्ही हात वर करून पोटातून ओरडायचं. कुणी लाजत ओरडलं तर इतिहास पुन्हा खडीच्या मैदानापासून. शुभांगी एकदा धापा टाकत म्हणाली, "मावशी, यांनी अजून एकदा जिंकली असती ना चॅम्पियनशिप, तर मी इथेच मेले असते यार."

विजेतेपदानंतर मावशी आम्हाला खाली बसवायच्या आणि पाय ताणायला लावायच्या. मग गिरणी बंद पडली, एवढंच म्हणायच्या. बाकीचं आम्हाला तुकड्यातुकड्याने कळलं. चांगल्या पोरी परदेशी क्लबांनी उचलल्या, उरलेल्या इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्या. क्लब एकेक पायरी घसरला आणि शेवटी लीगमधून बाहेर पडला. हॉल नगरपालिकेने ताब्यात घेऊन त्यात मोडक्या खुर्च्या भरल्या. तेव्हा त्यांची कॅप्टन विओरिका हिने एक नियम घातला. वर्षातून एकदा तरी सुवेइकाची जर्सी घालून सात जणींनी, रेफरीच्या शिट्टीवर, पूर्ण सामना खेळायचा. समोर शाळेच्या पोरी असोत नाहीतर पोस्टातल्या बायका. ज्या वर्षी सामना होणार नाही, त्या वर्षी क्लब संपला असं समजायचं. तो सामना त्यांनी एकाही वर्षी चुकवला नव्हता. मावशी त्यासाठी दर उन्हाळ्यात तिकीट काढायच्या. मुलगा म्हणायचा, आई, निदान गुडघ्याचा तरी विचार कर. "गुडघा इथे ठेवून जाऊ का?" त्या विचारायच्या.

आमची मात्र वेगळीच तऱ्हा. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेल्या परदेशी पोरींबरोबर पहिला सरावाचा सामना ठरला. त्यांची एक धिप्पाड जर्मन पोरगी चेंडू घेऊन आमच्यात घुसली. झालं! शुभांगीने सूर मारून तिचा घोटा धरला, खो-खोवालीने कमरेला मिठी मारली, आणखी दोघी वर पडल्या आणि शुभांगी मांडीवर थाप मारून "आउट!" म्हणून ओरडली. आम्ही बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या, आणि मी तर हॅण्डबॉलवाली. शिट्टी वाजवणारा बिचारा तोंडात शिट्टी धरून तसाच उभा. जर्मन पोरीने ढिगाऱ्याखालून मान वर करून विचारलं, "हे अलाउड आहे?" शुभांगी म्हणाली, "आमच्याकडे पॉइंट मिळतो!" मावशी बाकावर बसल्या होत्या. आम्हाला वाटलं आता आपली धडगत नाही. बघतो तर बाई डोळे पुसत हसताहेत.

दुसरी कोच असती तर ओरडली असती. मावशींनी पुढच्या शनिवारी हॅण्डबॉल कॅन्सल केला. "मला तो तुमचा खेळ दाखवा," म्हणाल्या. आम्ही टेपच्या रेघा मारून कबड्डी खेळलो. मावशी हाताची घडी घालून बघत होत्या. बचाव करणाऱ्या पोरी हातात हात घालून, साखळी करून, चढाई करणारीच्या पावलाबरोबर डावीकडे उजवीकडे कशा सरकतात, ते त्यांनी पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. "हे आमच्या पोरींना शिकवायला वर्षं लागतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे घरूनच घेऊन आलात." त्या दिवसापासून आमचा बचाव हातात हात घालून सुरू झाला. महिन्याभराने हुकूम सुटला: आता हात सोडा, पण शेजारणीचा हात अजून आपल्या हातातच आहे असं समजून सरका.

सरकायला जमलं. शुभांगीचे हात काही केल्या ऐकेनात. समोरून कुणी आलं की ते आपोआप पुढे जाऊन पकडायचे. मावशींनी पिशवीतून दोन छोटी वांगी काढून तिच्या दोन मुठींत दिली आणि वांगी घेऊन बचावाला उभी केली. "छातीने अडव, पायाने अडव. वांगं चिरडलं तर मैदानाला एक फेरी." पहिल्या दिवशी शुभांगी इतकी पळाली, की आम्हाला तिची दया आली. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, हात हलवायचे नाहीत तर दिलेत कशाला देवाने?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "गोल मारायला."

आणि मग गेल्या वर्षीचा तो शनिवार. मावशी त्या उन्हाळ्यात गेल्याच नव्हत्या. हिवाळ्यात त्यांच्या दोन मैत्रिणी वारल्या होत्या आणि विओरिकाने पडून मांडीचं हाड मोडून घेतलं होतं, म्हणून सामना पुढे ढकलला होता. त्या सकाळी त्या जिममध्ये आल्या आणि इतिहास सुरूच करेनात. आम्ही आपल्या पळायच्या तयारीत उभ्या. शेवटी म्हणाल्या, "विओरिकाचा फोन होता. सात जणी होत नाहीत. यंदा सामना नाही." आणि बाकावर बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागल्या. मावशींना इतकं म्हातारं मी कधी पाहिलं नव्हतं.

केतकी हळूच म्हणाली, "मावशी, सात जणी तर इथे आहेत."

"तुम्ही?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही म्हणजे काय? मावशी, आम्ही दर शनिवारी इथे काय भाजी निवडायला येतो? तुमच्या क्लबचा इतिहास आम्हाला पाठ आहे. नुसता पाठ नाही, आमच्या पोटऱ्यांत भरलाय!"

त्यांनी तिथूनच विओरिकाला व्हिडिओ कॉल लावला. उशीला टेकून बसलेली एक बारीकशी म्हातारी, पण आवाज असा खणखणीत की जिम भरून गेली. दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. आम्हाला शब्द कळत नव्हता, पण भांडण कळायला भाषा कशाला लागते? नंतर मावशींनी सांगितलं. विओरिका म्हणत होती, परक्या बायका सुवेइकाची जर्सी कशी घालतील? मावशी तिला म्हणाल्या होत्या, "आपल्या पहिल्या टीममध्ये गावातली मूळची बाई होती का एक तरी? सगळ्या पोटापाण्यासाठी घर सोडून गिरणीत आलेल्या. कुणी हंगेरियन बोलायची, कुणी जर्मन. या पोरी तशाच आहेत. यांची गिरणी तेवढी कॉम्प्युटरची." यावर विओरिकाने अट घातली. सामना खरा हवा. दया दाखवणारी टीम नको. खेळलात तर क्लबचं नाव या वर्षी राहील. पण जिंकलात, तर मी कुबड्या घेऊन नगरपालिकेत जाईन आणि हॉल परत मागेन. इतकी वर्षं ते मला विचारतात, तुमचा क्लब आहे कुठे?

खरी टीम म्हणजे काय, ते मावशींनीच ठरवलं. मॅनहॅटनला नोकरी करणाऱ्या बायकांची एक टीम होती, त्यांत नॉर्वेच्या, डेन्मार्कच्या, लहानपणापासून हॅण्डबॉल खेळत आलेल्या. "अहो मावशी, जरा सोपी बघा ना," असं म्हणून पाहिलं. ऐकतात कसल्या! निळ्या-पांढऱ्या जर्सी आम्ही ऑनलाइन मागवल्या आणि मावशींनी प्रत्येकीच्या छातीवर धोट्याचं चिन्ह हाताने शिवलं. काकू मंडळींपैकी दोघींना हाफ पॅण्टची लाज वाटत होती. मावशी म्हणाल्या, "खाली काय हवं ते घाला. वर सुवेइका पाहिजे."

सामना जर्सी सिटीत, एका कॉलेजच्या जिममध्ये, रविवारी दुपारी. सगळ्यांचे नवरे, पोरं, डब्यात इडल्या घेऊन एक सासूबाई, असा लवाजमा आला होता. मावशींनी फोन बाकाच्या टोकाला उभा केला. पलीकडे विओरिकाच्या खोलीत सात-आठ म्हाताऱ्या दाटीवाटीने बसलेल्या. रेफरी इजिप्तचे, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ. पूर्वार्धात आमची पार दाणादाण उडाली. त्यांची एक उंच डॅनिश बाई हवेतच राहायची, खाली यायचं नावच घ्यायची नाही. केतकीने अडवले तेवढे अडवले. माझा एक गोल, शुभांगीचा एक, बाकी आनंद. त्यात शुभांगीचे हात दोनदा गेले आणि दोनदा तिला दोन-दोन मिनिटं बाहेर बसवलं. तिसऱ्यांदा गेले की लाल कार्ड, म्हणजे सामन्यातूनच बाहेर.

मध्यंतरात वाटलं, मावशी आता काहीतरी जबरदस्त बोलतील. त्यांनी आम्हाला संत्र्याच्या फोडी वाटल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्यांसारख्या खेळताय. सॉरी म्हणून बाजूला होताय. हे घर तुमचं आहे, त्या आत घुसताहेत. सरका!"

आणि काय सांगू, आम्ही सरकलो. हातात हात नव्हता, पण होता. डॅनिश बाई डावीकडे गेली की आमची अख्खी ओळ डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे, फट म्हणून मिळेना. त्या चिडल्या, घाईने फेकायला लागल्या आणि केतकीचे लांब हात आपले सगळीकडे. अडवलेला चेंडू पुढे मिळाला की खो-खोवाली सुसाट. एकेक गोल भरून निघायला लागला. माझी मुलगी इरा, जी घरात मराठीत एक अक्षर बोलत नाही, ती बाकावर उभी राहून "आई, मार! मार ना!" म्हणून किंचाळत होती. बरोबरी झाली. आणि संपायला थोडासाच वेळ उरलेला असताना मी उडी मारली, डोळ्यांनी डावा कोपरा दाखवला आणि चेंडू उजव्या कोपऱ्यात घातला. आम्ही एका गोलने पुढे!

आता शेवटचा हल्ला. चेंडू डॅनिश बाईकडे. ती सरळ शुभांगीच्या अंगावर धावत निघाली, कारण तिच्या लक्षात आलं होतं, की हिला डिवचलं की ही पकडते. शुभांगी बाहेर गेली असती तर भगदाड पडलं असतं आणि वर सात मीटरवरचा पेनल्टी थ्रो त्यांना मिळाला असता. मी बाजूलाच होते, मला शुभांगीच्या मुठी दिसल्या. घट्ट आवळलेल्या, पोटाशी धरलेल्या. ती दोन पावलं आधीच तिथे जाऊन उभी राहिली होती आणि जागची हलली नाही. डॅनिश बाई सगळ्या वजनानिशी तिच्या छातीवर आदळली, दोघी कोसळल्या, शिट्टी वाजली. रेफरींचा हात वर गेला. एक क्षणभर कुणाला काही कळेना. मला वाटलं, गेलं, लाल कार्ड. आणि मग त्या गंभीर गृहस्थांनी आमच्याकडे हात केला. चूक हल्ला करणारीची, चेंडू आमचा!

जिंकलो! अहो, जिंकलो! शुभांगी पडल्या पडल्या मांडीवर थापा मारत होती, केतकी गोलाच्या जाळीत तोंड खुपसून रडत होती, इडलीवाल्या सासूबाई डॅनिश बाईला इडली खायचा आग्रह करत होत्या. मावशी मात्र धावल्या-बिवल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि एकेकीच्या समोर धरून तिचं नाव सांगत गेल्या. पलीकडच्या म्हाताऱ्या प्रत्येक नाव मोठ्याने म्हणायच्या, चुकीचं म्हणायच्या, पुन्हा म्हणायच्या. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी मिठी मारली नव्हती, त्या दिवशी मारली. मला एवढंच म्हणाल्या, "बघितलंस, या वेळी तुझे डोळे खोटं बोलले." मी हसले आणि मलाही रडू आलं.

विओरिका बोलल्याप्रमाणे खरंच कुबड्या घेऊन नगरपालिकेत गेली. आमच्या सामन्याचा व्हिडिओ तोवर तिथे गावभर फिरला होता. खेळाडूंच्या कपाळावर टिकली आणि छातीवर सुवेइकाचा धोटा, हे पाहून म्हणे शाळेतल्या पोरी विचारायला लागल्या, की आपल्या गावाचा क्लब अमेरिकेत कसा काय आणि आपल्याकडे का नाही? मोडक्या खुर्च्या निघाल्या, हॉल झाडला गेला. आता कोच हवी होती. मावशींनी वसंतात सामान बांधलं. मुलगा नाराज होता, इथे हवा चांगली आहे, डॉक्टर आहेत, असं सांगून पाहिलं त्याने. विमानतळावर आम्ही सगळ्या गेलो होतो. भरपूर रडारड केली, लपवायचं कशाला? मावशींनी एकीचेही डोळे पुसले नाहीत. "पोरींना शिकवायचं आहे, रडत बसले तर विमान चुकेल," म्हणाल्या आणि ताठ मानेने आत गेल्या.

त्या गेल्यावर शनिवार ओका ओका वाटायचा. तरी आम्ही जात राहिलो. इतिहास आता शुभांगी सांगते आणि मावशींपेक्षा जास्त दमवते. केतकी नोकरी लागून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला गेली, नव्या दोघी आल्या.

परवा सकाळी मी पोळ्या करत होते आणि मावशींचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा नुसता फुललेला. मागे हॉल, दिवे सगळे लागलेले, पोरींचा गलका. "आज यंदाचा सामना झाला," त्या म्हणाल्या. "सात पोरी, सगळ्या आपल्या गावच्या. विओरिका पहिल्या रांगेत बसली होती. तुम्हाला सांगायला फोन केला. आता तुमच्यावर ओझं नाही. तुम्हाला खेळायची गरज नाही."

मी म्हटलं, "मावशी, गरज नाही कशी? जिम बुक केलीय, जर्सी धुवून ठेवल्यात, रेफरींना सांगितलंय. पुढच्या रविवारी सामना आहे."

"पण आम्ही इथे खेळलो. क्लब चालू आहे. आता कशाला?"

"आमचा पण क्लब आहे म्हणून," मी म्हटलं. "कशाला काय विचारता?"

मावशींनी चष्मा काढला, बाहीने पुसला, पुन्हा लावला आणि एकदम कोचच्या आवाजात विचारलं, "केतकी गेली. मग गोलात कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी फोन जवळ घेऊन मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"फोन ओट्यावर ठेव, लांब जा आणि उभी राहून दाखव," मावशी म्हणाल्या. मी गॅस बंद केला, पिठाचे हात वर केले आणि फ्रिजसमोर उभी राहिले. "गुडघे," त्या रोमानियातून ओरडल्या. "गुडघे वाकव!"

मी वाकवले.